तीळ वाटून खावा, गोळी नाही

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. जिवतीचं हळदीकुंकू आणि बचत गटाची बैठक एकाच शुक्रवारी उरकून टाकू, असं आम्ही ठरवलं होतं. सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, दूध-फुटाणे फिरत होते. एक जण मात्र दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत उभीच राहिली. मी दोनदा म्हटलं, "अगं, बस की." दोन्ही वेळा तिचं उत्तर एकच, "हितंच बरं हाय ताई, वारं लागतंय."

बाहेर धो धो पाऊस. वाऱ्याचं कौतुक वाटावं असा तो दिवसच नव्हता. सगळ्या गेल्यावर ती मागे रेंगाळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणाली, "ताई, कसं वो सांगायचं. जागेचं दुखणं हाय."

मैत्रिणींनो, बाईनं 'जागेचं दुखणं' म्हटलं की आपल्या पोटात धस्स होतं. नको ते मनात येतं. मी तिला आतल्या खोलीत नेलं. तिनं परकराची नाडी सैल केली आणि मी बघतच राहिले. नाडी बसते तिथे कमरेभोवती लाल-काळा पट्टाच उठला होता. मांड्यांच्या आतल्या बाजूला, छातीखाली गोल गोल चट्टे. एका गोलाच्या आत दुसरा गोल, कडेला बारीक पुटकुळ्या. आणि मांड्यांवर, बाळंतपणानंतर पोटावर उमटतात ना, तशा रेघा. पण कितीतरी रुंद आणि जांभळट.

गजकर्ण. आपल्याकडे कुणी नायटा म्हणतं, कुणी दाद म्हणतं. आजार काही नवा नाही, जीवघेणाही नाही. पण दोन पावसाळे ही बाई रात्री नीट झोपलेली नव्हती. चारचौघीत खाजवायला नको म्हणून लग्नाला-बारशाला जाणं तिनं सोडलं होतं. खाली बसलं की घाम येतो, घाम आला की आग होते, म्हणून ती उभी होती.

"लावतेस काय?" मी विचारलं. तिनं कमरेच्या पिशवीतून एक ट्यूब काढली. खालून गुंडाळत गुंडाळत पार चपटी केलेली. म्हणाली, "ह्येच की. तुम्हीच दिलती ताई, पयली."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खरंच, मीच दिली होती. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा हॉस्टेलवरून खाजवत आला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आम्ही ती ट्यूब आणली, तीन दिवसांत खाज थांबली, उरलेली ट्यूब फ्रिजच्या दारात पडून राहिली. ही एकदा बैठकीत कंबर चोळत होती, तेव्हा मी मोठ्या मनानं ती तिला देऊन टाकली. "लाव गं, लगेच बरं वाटतं." बी. ए. झालेली बाई मी, दहा-बारा वर्षं आरोग्याच्या शिबिरांत पुढेपुढे करणारी. पण ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचावीत असं काही मला सुचलं नव्हतं. ती संपल्यावर तिनं तीच रिकामी ट्यूब दुकानात दाखवून दुसरी आणली, मग तिसरी. किती झाल्या ते तिलाही आठवत नव्हतं.

आज हे सगळं लिहायला बसले आहे ते या चुकीची थोडी तरी भरपाई व्हावी म्हणून. मी डॉक्टर नाही. कुणी कुठली गोळी घ्यावी हे सांगायचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण तिच्याबरोबर चार-पाच महिने दवाखान्याच्या वाऱ्या करताना जे समजलं, ते सांगायलाच हवं.

जिल्ह्याच्या गावी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला घेऊन गेले. त्यांनी आधी चट्ट्याच्या कडेचा थोडा कोंडा खरवडून काचेच्या पट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशीच. लोणच्याला लागते, शिळ्या भाकरीला लागते, तिचीच एक जात. ही आपल्या कातडीवर, नखांवर, केसांवर जगते. मग त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि मला वाचायला लावलं. एकाच ट्यूबमध्ये चार औषधं! एक बुरशीचं, दोन जिवाणू-जंतूंसाठी आणि चौथं स्टेरॉइड, तेही भलतंच जोरदार.

खाज थांबवतं ते हे चौथं. स्टेरॉइड अंगाची सूज, लाली, खाज दाबून टाकतं. पण खाज ही शरीराची हाकाटी असते, चोर शिरल्याची. राखणदारालाच झोपवलं की चोराला रान मोकळं. वरून लाली जाते, आत बुरशी पसरत राहते. मलम थांबवलं की दुपटीनं उसळते, म्हणून बाई पुन्हा मलम लावते. महिनोन् महिने असं चाललं की कातडी पातळ होते आणि त्या जांभळ्या रेघा उमटतात. त्या रेघा आता कायमच्या, हे डॉक्टरांनी तिला तिथेच स्पष्ट सांगितलं.

असली मलमं कुणालाही कशी मिळतात, हा प्रश्न मी विचारलाच. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं यावर ओरडत होती. शेवटी मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइडांची मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. कायदा झाला. पण गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम एका दुकानात जाऊन "गजकर्णाचं काहीतरी द्या" म्हटलं, तर चिठ्ठीचं नाव न काढता स्टेरॉइडवाली ट्यूबच माझ्या हातात पडली. वर सल्ला, "सकाळ-संध्याकाळ लावा, दोन दिवसांत फरक."

आता मुद्दा गोळ्यांचा. चिंचोक्याएवढा एखादा डाग असेल, तर स्टेरॉइड नसलेलं साधं बुरशीनाशक मलम पुरतं. पण चट्टे मोठे असले, अनेक ठिकाणी असले, पुन्हा पुन्हा येत असले, किंवा डोक्यात नाहीतर नखात शिरले असले, तर पोटातून औषध घ्यावं लागतं. ही गोळी आज आपल्याला साधी वाटते, पण तिच्याआधी काय होतं ते ऐकाल तर अंगावर शहारा येईल. लहान मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णासाठी डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गाळून टाकत. इस्रायलमध्ये १९५०च्या दशकात हजारो मुलांना असे किरण दिले गेले. पुढे त्यांतल्या काहींना गाठी झाल्या आणि १९९४ साली तिथल्या सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. ग्रिसिओफुल्विन नावाचं द्रव्य १९३९ मध्येच एका बुरशीतून सापडलं होतं, पण माणसाला पोटातून देऊन गजकर्ण बरं करता येतं हे कळायला १९५८ उजाडलं. बुरशीनंच दिलेलं बुरशीवरचं औषध! आजही मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाला डॉक्टर ते देतात.

त्यानंतर आणखी औषधं आली. टर्बिनाफिन, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल ही नावं तुम्ही चिठ्ठ्यांवर वाचली असतील. बुरशीला आपल्या पेशीभोवतीचं आवरण बांधायला जो माल लागतो, तो ही औषधं तयारच होऊ देत नाहीत. किटोकोनाझोल हे जुनं नाव मात्र लक्षात ठेवा. त्याच्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली, म्हणून २०१३ मध्ये युरोप-अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी कातडीच्या आजारासाठी ही गोळी नको, असं सांगितलं. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत, त्याचं हेही एक कारण.

तिला डॉक्टरांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या, रोज दोन. आधी रक्त तपासून यकृत ठीक आहे ना ते बघितलं. पाळी कधी आली, दिवस गेलेत का, हेही विचारलं. ती जरा बिचकली, "ह्येचा नि त्येचा काय संबंध?" संबंध आहे. ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, आणि ग्रिसिओफुल्विन चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळीचा भरवसा राहत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का?" ती पटकन म्हणाली, "न्हाई."

महिना झाला. फरक म्हणाल तर किंचित. खाज तशीच. मला वाटलं, औषधच हलकं असेल. डॉक्टरही बुचकळ्यात पडल्या. मग एके दुपारी मी तिच्या घरी गेले आणि सगळा उलगडा झाला. तिचा चौथीतला मुलगा अभ्यास करत बसला होता, मानेवर ठसठशीत गोल चट्टा. नवरा टेम्पो चालवतो, तो बनियन घालून बाहेर आला, तर काखेपासून कमरेपर्यंत तेच. आणि फळीवर वाटीत एक कॅप्सूल उघडून ठेवलेली!

"ह्ये काय गं?"

ती ओशाळली. म्हणाली, "दोन मिळत्यात रोजच्या. एक ह्यास्नी देते. दुसरीचं टोपन काढून आतलं दाणं निम्मं पोराला मधातनं, निम्मं मला. पोराला बगून एकटीनं कसं खायाचं वो, ताई?"

मी काय बोलणार? एक तीळ सात जणांत वाटून खावा, हे आपणच मुलींना शिकवलं. भाकरी वाटावी, दूध वाटावं, सणाची पोळी आधी सगळ्यांना वाढून उरली तर आपण खावी. तेच तिनं गोळीचं केलं. तिच्या लेखी ती चूक नव्हती, माया होती. पण मैत्रिणींनो, बुरशीपुढे माया चालत नाही. औषधाची मात्रा ठरलेली असते. ती पुरी पोचली तर बुरशी मरते. अर्धी-पाव पोचली तर ती मरत नाही, आणि दमदार तेवढी मागे उरते. इथे तिघांच्या पोटात थोडं थोडं औषध गेलं आणि तिघंही होते तिथेच राहिले. मुलाची मात्रा तर वजनावर ठरते. मोठ्याचं औषध अंदाजानं लहानाला देणं म्हणजे खेळ नव्हे.

अजून एक गोष्ट निघाली. श्रावणी सोमवार, संकष्टी, शिवाय शुक्रवार. आठवड्यातले दोन-तीन दिवस तिचा उपास. ज्या दिवशी उपास, त्या दिवशी गोळी रिकाम्या पोटी, चहाबरोबर. उपासानं पित्त खवळतं, म्हणून त्याआधी पित्ताची गोळी. आता गंमत बघा. इट्राकोनाझोलची कॅप्सूल अंगात मुरायला पोटात अन्न आणि आम्ल, दोन्ही लागतं. म्हणून ती पोटभर जेवल्यावर लगेच घ्यायची असते. पित्ताची गोळी नेमकं तेच आम्ल कमी करते. म्हणजे उरलेल्या पाव गोळीचंही जवळजवळ पाणी झालं. आपल्यापैकी किती जणी सकाळी उठल्याउठल्या पित्ताची गोळी घेतात? चहा-साखरेइतकी ती अंगवळणी पडली आहे, ती औषध आहे हेसुद्धा आपण विसरतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाही.

आणि ते विचारत नसतील तर आपण होऊन सांगावं. यादीच करून न्यावी. साखरेची गोळी चालू आहे का? मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर फ्लुकोनाझोल घेतलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करण्याची गोळी यांचं इट्राकोनाझोलशी जमत नाही. हृदय कमजोर असेल, पायावर सूज येत असेल, तर तेही आधीच सांगायला हवं. टर्बिनाफिननं कधी कधी तोंडाची चव जाते. आमटीत मीठ कमी की जास्त हेच कळेनासं झालं तर घाबरायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं, चव बहुधा परत येते. पण भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. यकृताची ती खूण असू शकते. हे सगळं घाबरवायला लिहीत नाही. डॉक्टरांच्या नजरेखाली ही औषधं लाखो लोक नीट घेतात आणि बरे होतात. दुकानदाराच्या नजरेखाली घेऊ नयेत, एवढंच.

तुम्ही म्हणाल, साधं गजकर्ण ते, त्यासाठी एवढं पान खर्ची का? पूर्वी आमच्या आज्ज्या टाकळ्याचा पाला वाटून लावायच्याच की. खरंय. पावसाळ्यात ज्याची कोवळी भाजी करतो तो टाकळा. संस्कृतात त्याला 'दद्रुघ्न' म्हणतात, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. इतका हा आजार आपल्या मातीतला. पण आजचं गजकर्ण आज्जीच्या वेळचं राहिलेलं नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना दिसू लागलं, की जे दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जायचं ते जात नाही, गेलं तर महिन्याभरात परत येतं, आणि एकाच्या मागून सगळं घर खाजवत येतं. तपासलं तेव्हा कळलं, की बुरशीच्या जनुकात बदल झाला आहे आणि टर्बिनाफिन तिच्यातल्या ज्या जागेवर घाव घालतं ती जागाच बदलली आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी नेपाळच्या आणि भारताच्या रुग्णांकडून मिळालेल्या या बुरशीला स्वतंत्र नाव दिलं, 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. नावातच 'इंडो'! सगळ्याच रुग्णांमध्ये ही बुरशी असते असं नाही. पण आपल्या देशाचं नाव असं कुठे लागावं याचं वाईट वाटतं.

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांची नोंद प्रसिद्ध केली. तिथल्या या बुरशीच्या पहिल्याच दोन रुग्ण. दोघींनाही टर्बिनाफिन लागू पडलं नव्हतं. एकीला बांगलादेशात असताना लागण झाली, आणि तिच्या घरच्यांनाही तसेच चट्टे होते. दुसरी तर कुठे परदेशी गेलीच नव्हती. ती गरोदर होती, म्हणून पोटातून औषध बाळंतपणानंतर सुरू केलं. ते निकामी ठरलं, तेव्हा चार आठवडे इट्राकोनाझोल देऊन ती बरी झाली. सातासमुद्रापलीकडची बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमची फळीवरची वाटीच येत होती. तीच अंगभर पसरलेली लागण, तोच घरभर झालेला प्रसार.

ही बुरशी अशी निगरगट्ट नेमकी कशानं झाली, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. पण चिठ्ठीशिवायची मलमं, अर्धवट सोडलेल्या गोळ्या आणि घरातल्या एकावरच केलेले उपचार, या तीन गोष्टींनी आजार हटत नाही आणि पसरतो, एवढं नक्की. आणि या तिन्ही गोष्टींची मुळं कातडीत नाहीत, घरात आहेत.

नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं कसं, हा सगळ्यात अवघड प्रश्न होता. "मला काय झालंय? घामानं हुतंय, गाडीवर बसून." एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. हे त्याचंही खोटं नव्हतं. आणि पैसे? तिच्या एकटीच्या गोळ्यांना आठवड्याला दोनशेच्या वर लागत होते. तिघांचे सहाशे, तेही सहा-आठ आठवडे! १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आम्ही गेलो तेव्हा या कॅप्सूल तिथे शिल्लक नव्हत्या. मलम मिळालं, गोळ्या "बाहेरून घ्या" असं सांगितलं.

मग तिनं गटाकडे कर्जाचा अर्ज केला. आमच्या रजिस्टरात 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात तिनं लिहायला सांगितलं, "पोराची फी." मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "खरं लिहूया की." ती गप्प. बाकीच्या बायका बघायला लागल्या. शेवटी तिनंच धीर केला, "लिवा. गजकर्णाचं औषध. तिघांचं." दोन क्षण कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून एक आवाज आला, "माझ्या सुनंला बी हाय." दुसरी म्हणाली, "मला बी, सहा म्हैनं झालं." त्या दिवशी अकरा जणींच्या गटात चार घरांत गजकर्ण निघालं. चौघीही तसलीच ट्यूब लावत होत्या, आणि चौघींनीही ते एकमेकींपासून लपवलं होतं.

नवरा शेवटी तयार झाला तो पोराकडे बघून. मास्तरांनी मुलाला वेगळ्या बाकावर बसवलं, ते त्याच्या मनाला लागलं. नवरात्राच्या आधी तिघांचे तीन कागद निघाले, प्रत्येकाचं औषध वेगळं, मात्रा वेगळी. तिनं नऊ दिवसांचे उपास या वेळी केले नाहीत. "देवी काय रागवायची न्हाई," हे तिचं तिनंच ठरवलं. पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली. आणि घरात एक शिस्त आली: टॉवेल ज्याचा त्याचा, परकर-चड्ड्या गरम पाण्यात भिजवून धुवायच्या आणि उलट्या करून उन्हात घालायच्या. ऊन नसेल तर शिवणीवरून, नेफ्यावरून कडक इस्त्री फिरवायची, कारण बुरशीचे बीजकण कपड्यांत टिकून राहतात. ओलसर परकर अंगावर वाळवायचा नाही. तीन आठवड्यांत खाज थांबली. ट्यूबच्या सवयीप्रमाणे तिला वाटलं, झालं, आता पैसे वाचवू. पण इथेच घात होतो. खाज गेली म्हणजे बुरशी गेली असं नसतं. चट्टा पूर्ण जाऊन पुढेही काही दिवस, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत औषध चालू ठेवावं लागतं. आम्ही तिच्या मागे लागून ते पुरं करवून घेतलं. डिसेंबरात तिघांच्याही गोळ्या थांबल्या.

आता माझं म्हणणं. सरकारी दवाखान्यात मोफत औषध ही घोषणा खरी व्हायची, तर या आजाराच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणि घरातल्या प्रत्येक रुग्णाच्या तिथे असायला हव्यात. दोन आठवड्यांच्या देऊन बाकीच्या बाहेरून आणायला लावणं म्हणजे अर्धवट उपचाराला आपणच वाट करून देणं आहे. आशाताई घरोघरी जातात, त्यांच्या प्रश्नांत 'घरात कुणाला खाज-चट्टे आहेत का' हा एक प्रश्न वाढवायला फार खर्च येणार नाही. औषध दुकानदारांनी २०१८चा नियम पाळावा, हे सांगायला तपासनीस यायलाच हवा का? तेही कुणाचे तरी भाऊ, कुणाचे तरी मुलगे आहेत.

आणि आपण. आपल्या फ्रिजच्या दारात, आरशामागच्या कपाटात उरलेल्या ट्यूब असतील, त्या आज काढून बघा. नावाशेवटी 'सोल', 'सोन' असं काही दिसलं, तर ते बहुधा स्टेरॉइड आहे. कामवालीला, शेजारणीला, सुनेला ती 'चांगली आहे, लाव' म्हणून देऊ नका. मी दिली, तिचे व्रण एका बाईच्या अंगावर जन्मभर राहणार आहेत.

यंदाच्या संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू झालं. ती आली, सतरंजीवर पुढच्या रांगेत मांडी घालून बसली. तिळगूळ वाटायचं काम तिनं आपण होऊन घेतलं. माझ्या हातावर वडी ठेवताना हळूच म्हणाली, "ताई, ह्यो घ्या. ह्यो वाटायचा असतोय."